सकाळी डोंगर, दुपारी बीच, रात्री हाँगकाँग

शॉपिंग आणि डिस्नेलँडच्या पलीकडचं हाँगकाँग बघायचं असेल, तर बॅगेत सगळ्यात आधी टाका ट्रेकिंगचे शूज!

ट्रिप ठरवायला बसलेल्या कुठल्याही ग्रुपमध्ये तीन पार्ट्या असतातच. पहिली डोंगरवाली. दुसरी 'मला काही करायचं नाहीये, मी वाळूत पडून राहणार' वाली. आणि तिसरी, 'मस्त सिटी हवी यार, रात्री दोन वाजता बाहेर पडलं तरी खायला मिळालं पाहिजे' वाली. महिनाभर मेसेजेसची हाणामारी चालते, तिकिटं महाग होतात आणि शेवटी जो सगळ्यात जास्त ओरडतो, त्याच्या मनासारखं होतं. बाकीचे दोघं फोटोत हसतात.

अशा भांडकुदळ ग्रुपसाठी माझ्याकडे एक नाव आहे, हाँगकाँग.

'हॅ, तिथे काय आहे? बिल्डिंगा!' असं तुम्ही म्हणणार, माहितीये. मीसुद्धा तेच म्हणत होते. आपल्याकडच्या टूरवाल्यांच्या ब्रोशरमध्ये हाँगकाँग येतं ते मकाऊ आणि शेन्झेनच्या मध्ये दाबून बसवलेलं. एक दिवस डिस्नेलँड, एक संध्याकाळ बंदरातली लायटिंग, उरलेला वेळ शॉपिंग. पण माझी मावसबहीण तिथे सात वर्षं नोकरी करतेय. निघण्याआधी तिचा फोन आला, "हील्स आणू नकोस. चांगले शूज आण. आणि पोहायचे कपडे."

"ताई, मी हाँगकाँगला येतेय की हिमालयात?"

"ये तर खरी!"

गेले, आणि चार दिवसांत पायांचे तुकडे पाडून घेतले. आता एक आकडा सांगते, तो लक्षात ठेवा. हाँगकाँगचं क्षेत्रफळ साधारण १,१०० चौरस किलोमीटर, लोकसंख्या ७५ लाखांच्या आसपास. यातली बांधकामाखाली आलेली जमीन आहे फक्त चौथा हिस्सा. आणि सुमारे ४० टक्के जमीन आहे 'कंट्री पार्क', म्हणजे कायद्याने राखलेले डोंगर, जंगल, तलाव आणि किनारे. आपण पोस्टकार्डावर बघतो ते हाँगकाँग म्हणजे या सगळ्याची नुसती किनार!

आधी सिटी

एअरपोर्टवरून ट्रेन पकडली की २४ मिनिटांत तुम्ही सेंट्रलला, म्हणजे ऐन गजबजाटात. स्टेशनवरच 'ऑक्टोपस' कार्ड घ्या. १९९७ पासून चालू असलेलं हे कार्ड मेट्रो, बस, ट्रॅम, फेरी, शिवाय कोपऱ्यावरच्या दुकानातल्या पाण्याच्या बाटलीसाठीही चालतं. खिशात सुट्टे शोधत बसायची भानगडच नाही.

सेंट्रल हा भाग उतारावर वसलाय. बँकांचे टॉवर खाली, घरं वर. मग या लोकांनी काय करावं? रस्त्याच्या डोक्यावरून सरकते जिने बांधले! १९९३ मध्ये सुरू झालेली ही जिन्यांची माळ ८०० मीटर लांब आहे. सकाळी दहापर्यंत ती खाली सरकते, कारण सगळे ऑफिसला निघालेले असतात. दहानंतर दिशा बदलते आणि मध्यरात्रीपर्यंत जिना वर जात राहतो. मध्ये कुठेही उतरा, आजूबाजूला कॅफे, बार, जुनी बाजारपेठ आहेच. आम्ही तिथल्याच एका 'चा चान तेंग'मध्ये शिरलो. आपल्या इराण्याचा चुलतभाऊ समजा. कडक, दाट दुधाचा चहा, बटर लावलेला पाव, घाईतला वेटर आणि टेबल शेअर करायची सक्ती. 'पाइनॲपल बन' मागवलात, तर त्यात अननस शोधू नका. वरचा खरपूस थर अननसासारखा दिसतो म्हणून ते नाव.

बंदर ओलांडायचं ते मात्र मेट्रोने नाही, स्टार फेरीने. दहा मिनिटांचा प्रवास, भाडं किरकोळ आणि दोन्ही बाजूंना जगातली एक नंबर स्कायलाइन. फेरीत बसलात की एका मुंबईकराची आठवण काढा. दोराबजी नवरोजी नावाचा पारशी मुंबईहून इथे आला आणि १८८८ मध्ये त्याने कौलून फेरी कंपनी सुरू केली. १८९८ मध्ये तिचीच स्टार फेरी झाली. पलीकडे त्सिम शा त्सुईत उतरलात की 'मोदी रोड' लागतो. हसू नका! हा आहे होर्मसजी नवरोजी मोदी यांचा रस्ता. तेही मुंबईचेच पारशी. हाँगकाँग विद्यापीठाची मुख्य इमारत उभी राहिली, त्यात त्यांच्या देणगीचा मोठा वाटा होता.

संध्याकाळी सगळे टूरिस्ट पीक ट्रॅमच्या रांगेत असतात. हीसुद्धा १८८८ ची, २०२२ मध्ये नव्या डब्यांसह पुन्हा सुरू झालेली. चढ असा, की बाहेरच्या इमारती तिरक्या वाटतात. वर जाऊन सगळे रेलिंगला टेकतात, फोटो काढतात आणि खाली येतात. ताईने मला रेलिंगपासून ओढून मागच्या रस्त्यावर नेलं आणि एक पाटी दाखवली. 'हाँगकाँग ट्रेल'ची. इथून निघालेली ५० किलोमीटरची पायवाट आठ टप्प्यांत बेटाच्या दुसऱ्या टोकाला जाते आणि थेट समुद्रात, बीचवर संपते.

"आपण उद्या शेवटचा टप्पा करणार आहोत," ती म्हणाली. माझ्या पोटात गोळाच आला.

ड्रॅगनच्या पाठीवरून

शेवटच्या टप्प्याचं नाव 'ड्रॅगन्स बॅक'. 'टाइम'च्या आशिया आवृत्तीने २००४ मध्ये याला आशियातला सर्वोत्तम शहरी ट्रेक ठरवलं आणि तेव्हापासून इथे रविवारी जत्रा असते. तेव्हा जमलं तर मधल्या वारी जा.

तिथे पोचण्यातही मजा आहे. हाँगकाँगची दुमजली ट्रॅम १९०४ पासून बेटाच्या उत्तर किनाऱ्याने धावतेय. घंटीच्या आवाजावरून सगळे तिला 'डिंग डिंग' म्हणतात. मागच्या दाराने चढायचं, उतरताना पुढे पैसे द्यायचे. वरच्या मजल्यावर पुढची खिडकी पकडायची आणि शाऊ केई वानपर्यंत जायचं. तिथे नऊ नंबरची बस घ्यायची. वीसेक मिनिटांत बस वळणाच्या रस्त्यावर चढते, टॉवर गायब होतात आणि 'तो तेई वान' स्टॉपवर उतरलात की समोर पायऱ्या. मॉलमधून निघालेला माणूस तासाभरात जंगलात!

सुरुवातीची वीस मिनिटं दम लागतो, खोटं कशाला सांगू? मग एकदम झाडी संपते आणि तुम्ही धारेवर येता. धार वरखाली होत जाते, म्हणून ड्रॅगनची पाठ. सगळ्यात उंच जागा आहे शेक ओ पीक, २८४ मीटर. आपल्या सिंहगड-राजमाचीवाल्यांना ही उंची म्हणजे किस झाड की पत्ती! पण दोन्ही हातांना समुद्र असलेली धार आपल्याकडे कुठे मिळते? उजवीकडे शेक ओ गाव आणि त्याचा बीच, डावीकडे ताई तामचं निळं आखात, डोक्यावर वारा चांगला असेल तर पॅराग्लायडर. मागे वळून पाहिलं, तर डोंगराच्या खांद्यावरून टॉवरची टोकं डोकावत होती.

वाटेवर ठरावीक अंतराने नंबर लिहिलेले खांब आहेत. कुणी पडलं-झडलं तर फोनवर तो नंबर सांगायचा, मदत नेमकी तिथे येते. कचऱ्याचा डबा मात्र एकही नाही. डबे भरून वाहायचे म्हणून २०१७ च्या अखेरीपर्यंत ट्रेलवरचे सगळे डबे काढून टाकले. आपला कचरा आपल्या बॅगेत. आणि खरं सांगते, वाट स्वच्छ होती.

शेवटचा तास झाडांच्या सावलीतून उतार आणि मग अचानक बिग वेव्ह बे! लाटा खरंच मोठ्या. तिथे सर्फबोर्ड भाड्याने मिळतो, शॉवर आहेत, लाइफगार्ड आहेत. बाजूच्या खडकावर काही हजार वर्षांपूर्वीची कोरीव नक्षी आहे, १९७० मध्ये सापडलेली. मी शूज काढले, पाय पाण्यात घातले आणि घड्याळात पाहिलं. दुपारचा दीड. नऊ वाजता मी सरकत्या जिन्यावर होते.

हिरवा रंग फुकट मिळाला नाही

हे सगळं इतकं सोयीचं कसं, हा प्रश्न मला पाण्यात पाय बुडवल्यावर पडला. उत्तर मिळालं ते पाण्याशीच निगडित.

हाँगकाँगला मोठी नदी नाही. पावसाचं पाणी डोंगरांवर अडवायचं आणि तेच प्यायचं, हा एकच मार्ग होता. पहिला सार्वजनिक जलाशय पोक फू लामला १८६३ मध्ये बांधला. जलाशय स्वच्छ ठेवायचा तर त्याच्या वरच्या डोंगरावर वस्ती नको, म्हणून ते डोंगर रिकामे ठेवले. आपल्या बोरिवलीच्या जंगलाचीही कथा हीच की! विहार आणि तुळशी हे तलाव मुंबईला पाणी पाजत होते, म्हणून भोवतालचं जंगल वाचलं.

पण रिकामा डोंगर म्हणजे हिरवा डोंगर नव्हे. दुसऱ्या महायुद्धात, जपानी अंमलात, लोकांनी सरपणासाठी डोंगर अक्षरशः भादरले. आज दिसणारी झाडी बऱ्याच अंशी त्यानंतर लावलेली आणि वाढू दिलेली आहे. १९६३ मध्ये असा दुष्काळ पडला, की चार दिवसांतून एकदा, तेही चार तास पाणी यायचं. त्यानंतर त्यांनी समुद्राचं आखातच धरणाने अडवलं, खारं पाणी उपसलं आणि त्यात गोडं पाणी साठवलं. १९६८ चा प्लोव्हर कोव्ह जलाशय तो हाच.

आणि मग आलं १९७६. तेव्हाचे गव्हर्नर मरे मॅक्लेहोज स्वतः डोंगर भटकणारे. त्यांच्या काळात कंट्री पार्कचा कायदा झाला आणि १९७९ पर्यंत २१ पार्क जाहीर झालेही! त्याच वर्षी त्यांच्या नावाचा १०० किलोमीटरचा ट्रेल खुला झाला. लहानशा फ्लॅटमध्ये कोंबलेल्या गिरणी कामगारांना रविवारी मोकळा श्वास घेता यावा, हाही त्यामागचा विचार होता.

ही गोष्ट मला का भावली सांगू? याच शहरात १९०४ मध्ये असा कायदा होता, की पीकवर चिनी माणसाला घर करून राहता येत नव्हतं. हवेशीर डोंगर गोऱ्या साहेबांसाठी राखीव. तो रद्द व्हायला १९४६ उजाडलं. म्हणजे तीस वर्षांत एका शहराने 'डोंगर मोजक्यांसाठी' इथून 'डोंगर सगळ्यांसाठी' इथवर उडी मारली. ट्रेलवर तिकीट नाही, गेट नाही, क्लबची मेंबरशिप नाही.

गायी, वाळू आणि एक खड्डा

तिसऱ्या दिवशी साई कुंग. हा न्यू टेरिटरीजचा पूर्व भाग, हाँगकाँगची मागची अंगणबाजू म्हणा ना! भाताची शेती सुटली, गावं ओस पडली आणि मागे राहिलेल्या गायी आता मोकाट फिरतात. बसस्टॉपवर गाय पाहून मला एकदम घरच्यासारखं वाटलं.

ज्यांना चालायचं नाही, त्यांनी हाय आयलंड जलाशयाच्या पूर्व धरणावर टॅक्सीने जावं. १४ कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीतून तयार झालेले षटकोनी दगडी खांब तिथे कड्यासारखे उभे आहेत. २०११ पासून हा जागतिक जिओपार्क आहे.

आम्ही मात्र चालत साई वान आणि हाम तिनला गेलो. तासभर सिमेंटची वाट, एक वळण, आणि समोर पांढरी वाळू, हिरवट पाणी, मागे शार्प पीकचा ४६८ मीटरचा सुळका. थायलंड म्हणून फोटो टाकला असता तरी खपला असता! हाम तिनला फळ्यांचा एक डुगडुगता पूल आहे. तो ओलांडला की गावातलं दुकान, प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि गरम फ्राइड नूडल्स. पाचतारांकित हॉटेल सोडा, रिसॉर्टही नाही.

का नाही? ही गोष्ट ताईने नूडल्स खाता खाता सांगितली. पार्क जाहीर झाले, तेव्हा आत असलेली खाजगी गावं हद्दीबाहेर ठेवली होती. साई वानला त्यातलीच जमीन एका उद्योजकाने विकत घेतली आणि २०१० च्या उन्हाळ्यात तिथे जेसीबी चालले. जमीन खाजगी, काम कायद्याच्या चौकटीत. पण ट्रेकर्सनी त्या खड्ड्याचे फोटो काढले, ते इंटरनेटवर फिरले आणि शहर पेटलं. ज्यांचा तिथे एक फूट तुकडा नव्हता, असे लोक म्हणाले, हा बीच आमचा आहे. सरकारला हलावं लागलं. २०१३ मध्ये ती जागा कंट्री पार्कात सामील झाली.

परत जायला आम्ही स्पीडबोट घेतली. दगडी कमानी, निर्मनुष्य बेटं आणि लाटांवर आपटणारी बोट. पैसे वसूल!

दोनशे वीस फूट

आता हिरव्या चित्राची दुसरी बाजू. ताईचं घर २२० चौरस फुटांचं आहे. माझी बॅग उघडली, की बाथरूमचं दार उघडत नव्हतं. आणि ती चांगल्या पगाराची! एकेका फ्लॅटचे तुकडे करून बनवलेल्या खोल्यांमध्ये इथे दोन लाखांहून जास्त लोक राहतात. एकूण जमिनीपैकी घरांखाली आहे जेमतेम सात टक्के.

मग साहजिकच कुणीतरी विचारतं, माणसांना राहायला जागा नाही आणि ४० टक्के जमीन माकडांना आणि ट्रेकर्सना? २०१७ मध्ये दोन पार्कांच्या कडेला घरं बांधता येतील का, याचा अभ्यास सुरू झाला. जोरदार वाद झाला, अभ्यास बारगळला. विरोधकांचं म्हणणं, आधी गोदामांसाठी वापरलेल्या पडीक जमिनी घ्या, आधी गोल्फ कोर्स घ्या. फॅनलिंगच्या १७२ हेक्टरच्या गोल्फ कोर्समधली ३२ हेक्टर जमीन परत घ्यायचं सरकारने २०१९ मध्ये मान्य केलं. वाद संपलेला नाही आणि संपणारही नाही. तुकड्यातल्या खोलीत तीन पोरांसह राहणाऱ्या आईला मी पॅराग्लायडरची गंमत सांगायला जाणार नाही. पण रविवारी ट्रेलवर डबे घेऊन आलेली अशी कुटुंबंही मी पाहिली. त्यांच्यासाठी दुसरं अंगण नाहीच.

ताईला सध्या पुण्यातून ऑफर आहे. पगार थोडा कमी, पण तीन बेडरूमचा फ्लॅट, बाल्कनी, गाडी, आईबाबा जवळ. इथे तिने २०१९ ची आंदोलनं पाहिली, २०२० चा नवा सुरक्षा कायदा पाहिला, ओळखीच्यांपैकी बरेच जण शहर सोडून गेले. कोविडमध्ये सीमा बंद झाल्या तेव्हा ती अडकून पडली होती. "तेव्हा वेड लागायचं बाकी होतं," ती म्हणाली. "दर शनिवारी उठायचं आणि एक नवा ट्रेल पकडायचा. सगळं शहरच डोंगरावर आलं होतं. मास्क लावून, पण आलं होतं."

"मग जाणार आहेस का पुण्याला?"

ती बोटीच्या कडेला हात सोडून पाण्याला बोट लावत बसली होती. "बाल्कनी मिळेल गं," ती म्हणाली. "पण बसने अर्ध्या तासात डोंगर आणि समुद्र, तेही फुकट? इथे घर छोटं आहे, पण घराबाहेरचं सगळं माझं आहे."

तिने अजून ठरवलेलं नाही. मला मात्र सुट्टीसाठी शहर निवडायचा एक नवा निकष मिळालाय. तिथे किती उंच इमारती आहेत, हे कुणीही सांगेल. तिथल्या लोकांनी काय बांधायचं नाही असं ठरवलंय, ते आधी विचारायचं.

जाण्याआधी

कधी जाल? ऑक्टोबर ते डिसेंबर बेस्ट. हवा कोरडी, आकाश निळं. उन्हाळा म्हणजे मुंबईचा जून, वर टायफून. आठ नंबरचा सिग्नल लागला, की अख्खं शहर बंद होतं. तेव्हा ट्रेकचा विचारही नको.

व्हिसा? भारतीय पासपोर्टवर १४ दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, पण २०१७ पासून निघण्याआधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते. ती विनामूल्य आहे. तिकीट काढण्याआधी उरका आणि तेव्हाचे नियम एकदा तपासा.

किती दिवस? चार. एक सिटीसाठी, एक ड्रॅगन्स बॅक, एक साई कुंग, एक लांताऊ बेट. लांताऊला ५.७ किलोमीटरची केबल कार, २६८ पायऱ्या चढून भेटणारा ३४ मीटरचा ब्राँझचा बुद्ध आणि हौस असेल तर ९३४ मीटरचं लांताऊ पीक.

काय खाल? डिम सम, एग टार्ट, साई कुंगच्या धक्क्यावर ताजे मासे. शाकाहारी मंडळी, भाजीतही ऑयस्टर सॉस असतो, विचारून घ्या. लांताऊच्या पो लिन मठात साधं, चविष्ट शाकाहारी जेवण मिळतं. पोळी-भाजीची फारच आठवण आली, तर त्सिम शा त्सुईचं चुंगकिंग मॅन्शन्स आहेच.

काय न्याल? शूज, टोपी, दीड लिटर पाणी, स्विमसूट आणि कचऱ्यासाठी एक पिशवी.